अडतीस टक्के बाजूला ठेवा, आधी ‘पिशवी’चं भाषांतर तपासा

प्रश्न : मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. विषय ऊसतोड कामगार महिलांचं आरोग्य. बीड जिल्ह्यातल्या ३४ बायकांच्या मुलाखती मराठीत घेतल्या, प्रबंध मात्र इंग्रजीत आहे आणि माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. मुलाखती टाइप करून चॅटजीपीटीकडून इंग्रजीत करून घेतल्या. दुसऱ्या प्रकरणाचा, म्हणजे पूर्वसाहित्याच्या आढाव्याचा, खर्डाही त्याच्याकडूनच घेतला आणि मग फिरवून लिहिला. त्यातले बरेच संदर्भ त्यानेच दिलेले आहेत. बाकी प्रकरणांत फक्त इंग्रजी सुधारून घेतलं. आता तपासणी सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये सिमिलॅरिटी (इतरांच्या मजकुराशी साम्य) ७ टक्के आणि एआय (यंत्राने लिहिलेला वाटणारा मजकूर) ३८ टक्के आलंय. सर म्हणतात, “एआय कमी करून आणा.” विद्यापीठाजवळचा झेरॉक्सवाला दोन दिवसांत शून्य करून देतो म्हणतो. प्रबंध दीड महिन्यात जमा करायचाय. मी चोरी केली का? सरांना सगळं सांगू का? पदवी जाईल का?

— एक संशोधक विद्यार्थिनी, मराठवाडा

उत्तर : झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह देऊ नका. आधीच दिला असेल तर आज परत आणा. कारण पुढे येईलच.

तुमच्या हातात दोन आकडे आहेत आणि ते एका जातीचे नाहीत. सिमिलॅरिटीच्या आकड्यामागे नियम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारित प्रबंध जास्तीत जास्त सहा महिन्यांत द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. तुमचे ७ टक्के पहिल्या, बिनशिक्षेच्या टप्प्यात बसतात. मात्र एक खाच लक्षात ठेवा. सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी या भागांत साम्य अजिबात नको, असं तेच नियम सांगतात (सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण किंवा योगायोगाचं साम्य सोडून). तेव्हा हे ७ टक्के कोणत्या प्रकरणात पडलेत, ते रिपोर्ट उघडून बघा.

एआयच्या ३८ टक्क्यांसाठी त्या नियमांत एकही पायरी नाही. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, नियम त्याच्या चार वर्षं आधीचे. काही विद्यापीठांनी स्वतःची परिपत्रकं काढून मर्यादा घातली आहे. तुमच्या विद्यापीठाचं तसं परिपत्रक आहे का, ते पीएच.डी. विभागाला अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

हा आकडा निघतो कसा? मजकुरात पुढचा शब्द कितपत अंदाजात बसणारा आहे, हे यंत्र मोजतं. सरळ, ठरावीक साच्यातली वाक्यं असली की त्याला ती यंत्राची वाटतात. आपण शाळेत पाठ केलेलं इंग्रजी नेमकं तसंच असतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरांतून (यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरले. तेच निबंध चॅटजीपीटीकडून शब्द भारी करून घेतल्यावर हे प्रमाण उलट घसरलं. म्हणजे स्वतः लिहिणारा अडकला आणि यंत्राकडे गेलेला सुटला! खुद्द ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर सहा महिन्यांत, जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी म्हणून बंद केला. टर्निटिन हे तपासणीचं सॉफ्टवेअरही २० टक्क्यांखालचा एआयचा आकडा दाखवत नाही, नुसती चांदणी (*) टाकतं. हे मुद्दे जवळ ठेवा, कधीतरी समितीपुढे लागतील.

पण त्यांच्या आड लपू नका. तुमच्या बाबतीत यंत्र फारसं चुकलेलं नाही. दुसऱ्या प्रकरणाचा खर्डा त्याचाच आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

ही चोरी का? व्याख्येवर काथ्याकूट करता येईल. नियमांत वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून दाखवणं, आणि यंत्र हे ‘दुसरा कोणी’ ठरतं का, असा वाद कोणीही वकील घालेल. २०२४ मध्ये एलएल.एम.च्या (कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) एका विद्यार्थ्याने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात असाच वाद नेला होता. कॉपीराइट कायद्याच्या कलम २(घ)(६) नुसार संगणकाने तयार केलेल्या मजकुराचा लेखक तो मजकूर घडवून आणणारी व्यक्ती असते, हा आधार त्याने घेतला. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं आणि याचिका निकाली निघाली, त्यामुळे त्या मुद्द्याचा निवाडा झालाच नाही. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. मजकुराचा मालक कोण हा एक प्रश्न आणि हे संशोधन तुम्ही केलं का हा दुसरा. प्रबंधासोबत तुम्ही जी हमी सही करून देता, तिच्यात हा दस्तऐवज मी तयार केला, तो माझं मूळ काम आहे आणि वाङ्मयचौर्यमुक्त आहे असं असतं. आज आहे त्या अवस्थेतल्या दुसऱ्या प्रकरणावर ती सही खोटी ठरेल. प्रबंध अजून जमा झालेला नाही, हे तुमचं नशीब. पदवी मिळाल्यावर असं सिद्ध झालं तर तीच स्थगित होऊ शकते. आज तुमच्यापुढे फक्त दुरुस्तीचं काम आहे.

आता झेरॉक्सवाला. तो प्रबंध ‘ह्युमनायझर’ नावाच्या यंत्रात घालणार आणि ते यंत्र शब्दांच्या जागी प्रतिशब्द बसवणार. यातून काय निघतं ते जगाने पाहिलंय. छापून आलेल्या शोधनिबंधांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ (छातीचं संकट) आणि ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव) झालेलं संशोधकांनी २०२१ मध्ये उघडकीला आणलं. असे शब्द आता मुद्दाम शोधले जातात. दुसरा धोका याहून वाईट आहे. हे लोक टक्का तपासायला कुठल्या तरी संस्थेचं खातं वापरतात आणि त्या खात्यात ‘साठवू नका’ हा पर्याय निवडलेला नसेल, तर तुमचा प्रबंध सॉफ्टवेअरच्या भांडारात जमा होतो. महिन्याभराने विद्यापीठ अधिकृत तपासणी करतं तेव्हा तो स्वतःशीच जुळतो आणि तुमचे ७ टक्के ९०-९५ होऊन येतात. हा गुंता सोडवायला विद्यापीठाने कंपनीला लिहावं लागतं, आणि तुम्ही तो मजकूर कुठे तपासायला दिला होता, हेही सांगावं लागतं. शिवाय त्या पेनड्राइव्हमध्ये ३४ बायकांच्या मुलाखती आहेत.

त्या मुलाखतींकडे वळू, कारण सगळ्यात मोठी जोखीम तिथे आहे, आणि रिपोर्टमध्ये तिचा टक्का येत नाही.

ऊसतोडीची भाषा यंत्राला कळत नाही. बाई म्हणते “पिशवी काढली”, म्हणजे गर्भाशय काढलं. यंत्र सहज लिहून जातं की तिने बॅग काढली. “अंगावरून पांढरं जातं” याचं काय होईल, कल्पना करा. ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून) घेतलेली आगाऊ रक्कम, तिचा उचलण्याशी संबंध नाही. ‘कोयता’ म्हणजे हत्यार, पण ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि हिशेब त्या जोडीचा. ‘खाडा’ म्हणजे कामावर न गेल्याचा दिवस, त्याचा दंड कापला जातो. तुमच्या प्रबंधाचा कणाच या पाच-सहा शब्दांवर उभा आहे. इंग्रजी प्रतीत बॅग, लिफ्ट, सिकल हे शब्द शोधून बघा. प्रत्येक ठिकाणी मराठी मूळ उघडा.

चूक तेवढ्यावर थांबत नाही. तुम्ही कोडिंग, म्हणजे उत्तरांची विषयवार वर्गवारी, मराठी मुलाखतींवर केलं की इंग्रजी भाषांतरावर? इंग्रजीवर केलं असेल, तर ‘हिस्टरेक्टमी’ (गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया) शोधून काढलेल्या संख्येत ‘पिशवी’ म्हणणाऱ्या बायका आल्याच नसतील. मग चौथ्या-पाचव्या प्रकरणातला तक्ता चुकीचा, त्यावरची चर्चा चुकीची आणि शिफारसही. यंत्र भाषांतर करताना वाक्यं गुळगुळीतही करतं. अडखळणं, पुनरुक्ती, “म्हंजी काय सांगू” हे सगळं जातं, आणि ३४ बायका एकाच सुशिक्षित बाईच्या आवाजात बोलू लागतात. एआय डिटेक्टरला तुमच्या उद्धृतांत यंत्र दिसलं असेल, तर तेही यामुळेच.

सगळ्या मुलाखती पुन्हा भाषांतरित करायला दीड महिना पुरणार नाही आणि त्याची गरजही नाही. प्रबंधात शब्दशः घेतलेले उतारे तेवढे वेगळे काढा आणि प्रत्येक उतारा ऑडिओ ऐकून स्वतः इंग्रजीत करा. इंग्रजी ओबडधोबड झालं तरी चालेल. ‘पिशवी’, ‘उचल’, ‘कोयता’, ‘खाडा’, ‘मुकादम’ हे शब्द मूळच ठेवा आणि शेवटी शब्दसूची जोडा. दहापैकी एक उतारा ही बोली जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. त्याला मुलाखतदात्या बाईचं नाव-गाव कळू देऊ नका. कोडिंगचे तक्ते मात्र सगळ्या मराठी मुलाखतींवरून पुन्हा मोजावे लागतील. याला आठवडा-दहा दिवस जातील, आणि हे टाळता येणार नाही.

आता गोपनीयता. तुम्ही टाइप केलेल्या मुलाखती जशाच्या तशा टाकल्या असतील, तर नाव, गाव, वय, मुकादमाचं नाव, दवाखाना आणि शस्त्रक्रियेचं वर्ष, हे सगळं एका परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर गेलं. तुमचा संमतिपत्राचा नमुना काढा आणि त्यात काय वचन दिलंय ते वाचा. “ही माहिती फक्त संशोधक आणि मार्गदर्शक पाहतील” असं असेल, तर ते मोडलंय आणि संस्थेच्या नैतिकता समितीला लेखी कळवणं भाग आहे. काय घडलं, कोणत्या महिन्यांत, किती मुलाखती, आता काय केलं, एवढं एका पानात लिहा. समिती बहुधा सुधारित पद्धत लिहून घेईल आणि त्या बायकांना कळवायला सांगेल. कळवायचंच असेल तर हंगामाचा विचार करा. दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात, तेव्हा गावात चकरा मारून उपयोग नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतात. त्यात संशोधनाला सूट आहे, पण ती ठरवलेली मानकं पाळली तर आणि त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कसला निर्णय घेतला जात नसेल तर. ‘मी पीएच.डी. करते’ एवढ्यावर ती मिळत नाही.

चॅटजीपीटीत हे लगेच करा, आणि याच क्रमाने. आधी सेटिंगमधल्या डेटा कंट्रोल्समधून सगळ्या संभाषणांचा एक्सपोर्ट मागवा आणि तो पासवर्ड लावून स्वतःच्या संगणकावर ठेवा. तो तुमचा पुरावा आहे. मग मॉडेल सुधारण्यासाठी माझी संभाषणं वापरा, हा पर्याय बंद करा. त्यानंतरच मुलाखतींची संभाषणं डिलीट करा. ती साधारण ३० दिवसांत कंपनीकडून निघतात, पण प्रशिक्षणात एकदा गेलेलं परत काढता येत नाही, हे समितीला स्पष्ट सांगा. आधी डिलीट करून बसलात तर पुढे समितीने विचारल्यावर दाखवायला हातात काही उरणार नाही.

यापुढे भाषांतराला यंत्र लागलंच तर मजकूर आधी निनावी करा. नुसतं नाव बदलून भागत नाही. एखाद्या छोट्या वस्तीवरची ३१ वर्षांची, अमुक साली शस्त्रक्रिया झालेली, अमुक मुकादमाच्या टोळीतली बाई गावाला लगेच ओळखू येते. गावाऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट, मुकादम आणि दवाखाना यांना सांकेतिक क्रमांक. कुठला क्रमांक कोणाचा, ती वही वेगळ्या कपाटात. स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालवता येणारी भाषांतराची मॉडेलंही आहेत, उदाहरणार्थ आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतचं इंडिकट्रान्स२. तीही ‘पिशवी’ला फसू शकतात, पण निदान मुलाखत घराबाहेर जात नाही.

दुसरं प्रकरण. यातल्या प्रत्येक संदर्भाकडे तो खोटा असेल असं धरूनच बघा. यंत्र खरा लेखक, खरं नियतकालिक आणि पटेल असं साल घेऊन अस्तित्वात नसलेला लेख जुळवतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता. एवढ्या मोठ्या खात्याचं हे पकडलं गेलं, तर तुमचं पकडणं बहिःस्थ परीक्षकालाही जमेल.

तपासणी तीन पातळ्यांवर करा. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो उघडा, कारण डीओआय खरा असून भलत्याच लेखावर नेतो असं होतं. नसेल तर शीर्षक अवतरण चिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा, आणि त्या नियतकालिकाच्या त्या खंड-अंकाची अनुक्रमणिका पाहा. प्रबंधासाठी शोधगंगा (भारतीय प्रबंधांचं ऑनलाइन भांडार), पुस्तकासाठी वर्ल्डकॅट (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची) किंवा ग्रंथालयाची यादी. मराठी पुस्तकांत यंत्र प्रकाशक आणि आवृत्तीचं साल हमखास एकमेकांत मिसळतं, तेव्हा पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंद ठेवू नका. हे सगळं जमलं तरी तिसरी पायरी राहते. लेख आहे, पण तुम्ही म्हणता ते तो म्हणतो का? पान क्रमांक सापडला तरच संदर्भ राहील. खोटा संदर्भ सापडल्यावर त्याच्या जागी बसेल असा खरा शोधत बसायचा मोह होईल. तो टाळा. ते वाक्यच संदर्भाशिवाय उरलंय, म्हणून ते काढा.

मग मूळ लेख वाचून काढलेल्या टिपणांवरून प्रकरण नव्याने लिहा, चॅटजीपीटीची खिडकी बंद ठेवून. फिरवून लिहिलेल्या खर्ड्यात सांगाडा यंत्राचाच राहतो. ५० पानांची ३० झाली तरी हरकत नाही. ग्रंथालयातून उतरवलेले सशुल्क लेखांचे पीडीएफ थोडक्यात सांगायला यंत्राला देत असाल तर तेही थांबवा. स्वतःच्या संशोधनासाठी वाचण्याची मुभा कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ देतं, पण ग्रंथालयाने प्रकाशकाशी केलेल्या करारात असं अपलोड करायला अनेकदा मनाई असते.

इंग्रजी सुधारून घेतलेल्या प्रकरणांची काळजी त्या मानाने कमी. तिथे उघडपणे सांगितलं की बहुतेक काम भागतं. प्रकाशन-नीतीच्या ‘कोप’ या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितलं की यंत्र लेखक होऊ शकत नाही आणि त्याचा वापर जाहीर करावा. ही नोंद ऋणनिर्देशात नको, संशोधन पद्धतीच्या प्रकरणात द्या. साधारण अशी : “चॅटजीपीटीचा (आवृत्ती अमुक) वापर अमुक महिना ते अमुक महिना या काळात पहिल्या, तिसऱ्या ते सहाव्या प्रकरणांतील इंग्रजीच्या व्याकरणदुरुस्तीसाठी केला. मुलाखतींचं प्राथमिक भाषांतर याच साधनाने केलं होतं. उद्धृत केलेले सर्व उतारे संशोधिकेने मूळ ध्वनिमुद्रणावरून पुन्हा भाषांतरित केले असून कोडिंग मराठी मजकुरावर केलं आहे. विश्लेषण, निष्कर्ष आणि संदर्भनिवड यांसाठी साधन वापरलेलं नाही.” शेवटचं वाक्य खरं असेल त्या दिवशीच लिहा. परिशिष्टात तारीख, काय टाकलं, काय घेतलं, कोणी तपासलं, असा चार रकान्यांचा तक्ता द्या.

वर्डच्या जुन्या आवृत्त्या, तारखेसह ठेवलेले खर्डे, क्षेत्रकार्याची वही आणि ऑडिओ यांतलं काहीही पुसू नका. तक्रार झालीच तर विभागाची समिती ४५ दिवसांत संस्थेच्या समितीकडे अहवाल देते, तिलाही पुढे ४५ दिवस असतात, आणि दोघींनी तुमचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. तिथे टक्क्यापेक्षा ही कागदपत्रं जास्त बोलतात.

सरांना सांगायचं का? हो, आणि याच आठवड्यात. प्रबंधावर त्यांचंही प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे अंधारात ठेवलं तर त्यांचीही सही खोटी होते. “कमी करून आणा” म्हणताना दुसऱ्या प्रकरणाची कथा त्यांना बहुधा माहीत नसेल. भेटून बोला आणि संध्याकाळी ईमेल करा : “सर, आज बोलल्याप्रमाणे प्रकरण दोन मी नव्याने लिहीत आहे, संदर्भांची तपासणी सुरू आहे आणि मुलाखतींबाबत नैतिकता समितीला पत्र देत आहे. एआयच्या वापराची नोंद प्रकरण तीनमध्ये घालते, मसुदा सोबत जोडला आहे. हा विषय संशोधन सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात यावा, ही विनंती. या कामासाठी दोन महिन्यांची मुदतवाढ लागू शकते, तिचा अर्जही जोडते.”

मुदतवाढीचा अर्ज खरंच जोडा. दीड महिन्यात हे सगळं नीट होणार नाही. फेलोशिप चालू असेल तर तिची मुदत कधी संपते, तेही त्याच दिवशी बघून ठेवा.